सायनसमधली सिस्ट : रिपोर्टात दिसली म्हणजे काढायचीच का?

अर्धविराम
स्कॅन डोकेदुखीसाठी काढलेला असो, मार लागला म्हणून असो, की दातांचा मोठा एक्स-रे असो, रिपोर्टात पुष्कळदा खाली एक ओळ असते : 'मॅक्सिलरी सायनसमध्ये (म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीत) रिटेन्शन सिस्ट'. पेशंट ती वाचतो, 'सिस्ट म्हणजे गाठ' एवढंच त्याला कळतं आणि झोप उडते. मग नाक बंद, डोकं जड, घशात कफ, चक्कर, जी तक्रार असेल ती त्या गाठीच्या नावावर जमा होते.

माझं मत असं, की या एका ओळीपायी दोन्हीकडून नुकसान होतं. काहींचं विनाकारण ऑपरेशन होतं. उलट ज्या थोड्यांना खरोखर धोका असतो, त्यांना 'अहो, ती साधी सिस्ट आहे, सोडून द्या' असं सांगितलं जातं. म्हणून जाणकारांना विचारतो : सिस्टची म्हणावी अशी खरी लक्षणं कोणती? स्कॅनमध्ये नेमकं काय पाहायचं? आणि हात कधी लावायचा? स्वतःचे अनुभव नकोत, नेमकी माहिती हवी.

मध्यरेषा
आधी नावांचा घोळ सोडवू. 'सायनसची सिस्ट' या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी खपतात.

पहिली खरी रिटेन्शन सिस्ट. सायनसच्या अस्तरात चिकट स्राव बनवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. एखादीची नळी बुजली की स्राव आत साठतो आणि ग्रंथी फुग्यासारखी ताणते. हिला स्वतःचं अस्तर असतं आणि ती बहुधा छोटीच राहते.

दुसरी स्यूडोसिस्ट. इथे ग्रंथीचा संबंध नाही. सूज आल्यामुळे अस्तराच्या खाली पाणी झिरपतं आणि अस्तर घुमटासारखं वर उचललं जातं. गालाच्या सायनसच्या तळाशी दिसणारे गोल, गुळगुळीत घुमट बहुतेक हेच असतात. स्कॅनवरून या दोघी वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि ओळखण्याची गरजही नसते, कारण दोघींचं वागणं सारखंच. बहुतेकींना काहीही त्रास नसतो. वर्षानुवर्षं आहे तेवढ्याच राहतात, काही आकसतात, काही आपोआप फुटून नाहीशा होतात.

तिसरी म्युकोसील, आणि तिची जात वेगळी. इथे संपूर्ण सायनसचंच तोंड बंद होतं आणि आतला स्राव साठत साठत हाडाच्या भिंती ढकलू लागतो. हाड पातळ होतं, कधी विरून जातं. ही कपाळाच्या सायनसमध्ये सर्वांत जास्त, त्याखालोखाल डोळ्यांच्या मधल्या एथमॉइडमध्ये आणि गालात त्याहून कमी होते. हिला 'सोडून द्या' म्हणायचं नसतं.

पहिल्या दोन किती सर्रास आहेत, तर इतर कारणांसाठी काढलेल्या स्कॅनमध्ये साधारण दहातल्या एकाला तरी दिसतात. जी गोष्ट एवढ्या लोकांत असते, ती प्रत्येक डोकेदुखीचं कारण कशी असेल?

क्ष_रेषा
स्कॅनबद्दल मी लिहितो. साधी सिस्ट म्हणायला मला पुढचं सगळं दिसावं लागतं : घुमटाचा आकार, गुळगुळीत कड, बुडखा तळाशी किंवा बाजूच्या भिंतीला रुंद टेकलेला, वर आणि आजूबाजूला काळी हवा शिल्लक, आणि हाड जसंच्या तसं. सीटीवर आतली घनता पाण्याच्या जवळपास, म्हणजे साधारण ० ते २० हाउन्सफील्ड युनिट (सीटीवर घनता मोजायचं माप, त्यात पाणी ०).

हाड हा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार. सायनस पूर्ण भरलेला आहे, हवेचा टिपूस नाही आणि भिंत बाहेर फुगली आहे, तर ते म्युकोसील धरून चालायचं. हाड फुगलेलं नसून कुरतडल्यासारखं दिसतंय, तर सिस्ट हा शब्द बाजूला ठेवायचा आणि ट्यूमरच्या दिशेने तपास करायचा. आत पांढरे खडूसारखे ठिपके दिसले तर बुरशीचा गोळा. वस्तू सायनसच्या दारातून बाहेर नाकात लोंबतेय, तर अस्तरातून उगवलेला मऊ कोंब, म्हणजे अँट्रोकोअॅनल पॉलिप. मग ती नाकाच्या मागे घशापर्यंतही जाते आणि औषधाने बरी होत नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. एमआरआयवर साधी सिस्ट टी-२ मध्ये, म्हणजे पाणी पांढरं दाखवणाऱ्या चित्रात, लख्ख पांढरी दिसते. पण स्राव जुना होऊन वाळत घट्ट झाला, की तोच टी-२ मध्ये काळा दिसतो, हुबेहूब हवेसारखा. भरलेला सायनस रिकामा वाटतो. म्हणून शंका असेल तर नुसत्या एमआरआयवर विसंबू नये, सीटीची जोड हवी. सायनससाठीच्या साध्या सीटीला शिरेतून रंग देण्याची गरज नसते. ट्यूमर किंवा डोळ्यापर्यंत पसरलेल्या संसर्गाची शंका असेल तरच तो प्रश्न येतो.

वाटसरू
रोज वाफ घेतली तर सिस्ट विरघळते का?

मध्यरेषा
वाटसरू, नाही. सिस्टमधलं पाणी अस्तराच्या आत बंद आहे, आणि वाफ तिथवर पोचत नाही. चोंदलेलं नाक घटकाभर मोकळं वाटतं, तेवढंच. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून भाजण्याचा धोका मात्र खरा, लहान मुलांत तर फारच.

निळावंती
लक्षणांबद्दल. साधी सिस्ट दुखत नाही, ताप आणत नाही, चक्कर आणत नाही. गालाच्या सायनसचं दार तळाशी नसतं, आतल्या भिंतीवर उंच असतं. अस्तरावरचे सूक्ष्म केस स्राव गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्या दाराकडे वर ढकलत नेतात. तळाशी बसलेली सिस्ट ती वाट अडवत नाही. म्हणून अर्धा सायनस भरला तरी माणसाला पत्ता नसतो.

'सायनसची डोकेदुखी' म्हणून जे चालतं, त्यात अर्धशिशी फार मोठ्या प्रमाणात लपलेली असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सायनसमुळे डोकं दुखतं असं स्वतः मानणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या २,९९१ जणांची तपासणी झाली. ८८ टक्क्यांची डोकेदुखी मायग्रेनच्या निकषांत बसली. मायग्रेनमध्ये नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं, गालावर दाब वाटतो. लोक फसतात ते इथेच. दुखणं काही तास ते तीन दिवस टिकून पूर्ण जातं, उजेड-आवाज नकोसा होतो, मळमळतं, हालचालीने वाढतं, आणि नाकातून पिवळा-हिरवा घट्ट स्राव येत नाही, असं असेल तर आधी मायग्रेनचा विचार करावा. चार आठवडे डोकेदुखीची वही ठेवावी : तारीख, वेळ, किती तास, सोबत काय, नाकातून काय आलं. डॉक्टरला स्कॅनइतकीच ही वही उपयोगी पडते.

वेखंड
निळावंती, बरंचसं पटलं, पण सगळं मायग्रेनच्या खात्यात टाकू नये. मोठी सिस्ट असलेल्या काही जणांना त्याच बाजूच्या गालात भरल्यासारखं वाटतं, वाकलं की जड होतं, वरचे दात ठणकतात, नाक त्याच बाजूला बंद राहतं. निम्म्याहून जास्त सायनस भरला असेल तर काढावी, असं माझं मत आहे.

मध्यरेषा
वेखंड, तक्रार एका बाजूची आणि सिस्टही त्याच बाजूची, हा मुद्दा रास्त आहे. तो मी मान्य करतो. पण 'निम्मा भरला की काढा' ही रेघ मला मान्य नाही. आकारापेक्षा जागा महत्त्वाची. तळाची मोठी सिस्ट मुकाट बसते आणि दाराशेजारची सुपारीएवढी सिस्ट पुन्हा पुन्हा संसर्ग घडवते. समोरून घेतलेल्या कापांत, म्हणजे कोरोनल सीटीत, सायनसचं दार आणि त्याच्या पुढची अरुंद वाट मोकळी आहे का, हे पाहावं. वाट मोकळी, दुर्बिणीतून नाकाचा मधला कोपरा स्वच्छ, पू नाही, तर सिस्ट निर्दोष समजायची. तक्रार तरीही त्याच बाजूची असेल तर दात, मायग्रेन, वाकडा पडदा, अॅलर्जी हे सगळं तपासून झाल्यावरच ऑपरेशनचं बोलावं. आणि तेव्हाही पेशंटला स्पष्ट सांगावं की सिस्ट नक्की जाईल, दुखणं जाईलच असं नाही.

दंतमूल
दातांचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सर्वांत जास्त चुका होतात.

वरची दुसरी उपदाढ आणि पहिल्या दोन मोठ्या दाढा यांची मुळं सायनसच्या तळाला अगदी खेटून असतात. कधी मधे कागदाएवढंच हाड असतं. दाढेची नस मेली की मुळाच्या टोकाशी संसर्ग होतो, आणि त्याची सूज वर सायनसच्या अस्तरात उमटते. रिपोर्टात लिहिलं जातं 'सिस्ट' किंवा 'अस्तर जाड'. नाकाच्या औषधाने काही होत नाही, कारण मूळ दुखणं दाढेत आहे. एकाच बाजूचा त्रास, नाकात घाण वास, आणि त्या बाजूला जुनं रूट कॅनॉल, मोठी कॅप किंवा खोल कीड, हे जुळलं की दातांच्या डॉक्टरकडे आधी जावं. दाढ दुखतच असेल असं नाही, मेलेली नस दुखत नाही. गार लावून, ठोकून दाढ तपासायची, मुळाचा छोटा एक्स-रे काढायचा, आणि त्यात कळलं नाही तर सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन.

दाढेपासूनच निघालेली सिस्ट ही आणखी वेगळी. ती खालून वाढत सायनसचा तळ वर ढकलते, त्यामुळे तिच्या माथ्यावर हाडाची पातळ पांढरी रेघ दिसते. सायनसमधल्या साध्या सिस्टच्या माथ्यावर अशी रेघ नसते, ती तळाच्या हाडावर नुसती बसलेली असते. ही एक रेघ शोधली तरी निम्मा गोंधळ मिटतो. सीबीसीटीत मऊ भागांची घनता भरवशाची नसते, त्यामुळे 'आत पाणी आहे की मांस' हा प्रश्न त्याला विचारू नये.

दाढेवर नीट उपचार झाला तरी अस्तराची सूज उतरायला काही महिने लागतात. महिनाभरात पुन्हा स्कॅन काढून 'सिस्ट तशीच आहे' म्हणून घाबरू नका.

वरच्या जबड्यात इम्प्लांटसाठी सायनस लिफ्ट, म्हणजे सायनसच्या तळाचं अस्तर उचलून खाली हाड भरणं, करायची असेल तर सिस्टची उंची मोजावी लागते. तळ जेवढा उचलणार तेवढा सिस्टचा माथाही वर जाणार. तो दारापर्यंत पोचला तर धड चाललेला सायनस तुंबेल. अशा वेळी आधी सिस्टमधलं पाणी ओढून घेणं किंवा नाकवाल्यांकडून ती काढून काही महिने थांबणं, हे दोन मार्ग असतात. छोटी, तळाला चिकटलेली सिस्ट असेल तर लिफ्टला सहसा अडचण येत नाही.

पाणकोळी
पाणबुड्यांसाठी आणि सतत विमानप्रवास करणाऱ्यांसाठी. सिस्टमध्ये द्रव असतो, तो दाबाने आकुंचन पावत नाही, त्यामुळे सिस्ट 'फुटेल' ही भीती अनाठायी आहे. अडचण हवेची असते. पाण्यात १० मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि सायनसमधली हवा निम्म्या जागेत मावते. बाहेरची हवा आत येऊ शकली नाही तर अस्तर ओढलं जाऊन रक्त येतं. जास्त वाईट उलटी अडचण : वर येताना आतली हवा फुगते आणि हलणारी सिस्ट झडपेसारखी दारावर बसते. अशा वेळी लगेच वर यायचंही अवघड होतं. म्हणून वारंवार त्याच बाजूला त्रास होणाऱ्या पाणबुड्यांत सिस्ट काढण्याचा निर्णय लवकर घेतला जातो. बिनत्रासाची सिस्ट असेल तर पाण्यात जायला बंदी नाही. सर्दीत मात्र कोणीच डुबकी मारू नये.

शेवंती
खाली वाकल्यावर एका नाकपुडीतून एकदम पिवळं पाणी गळतं, तेही सिस्टचंच का?

क्ष_रेषा
बहुतेक वेळा होय. सिस्ट आपोआप फुटली की मधासारखं पिवळसर पाणी एकदाच, थोडं, एका बाजूने येतं आणि थांबतं.

निळावंती
शेवंती, त्यात एक भेद लक्षात ठेवा. पाणी पिवळं नसून अगदी स्वच्छ, साध्या पाण्यासारखं असेल, एकाच बाजूने पुन्हा पुन्हा येत असेल, वाकल्यावर किंवा जोर केल्यावर वाढत असेल, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. चव खारट लागते. अशा वेळी नाक शिंकरू नका. स्वच्छ डबीत थोडं जमा करून डॉक्टरकडे न्या. बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाच्या तपासणीत खात्री होते. उपचार न झाल्यास मेंदूज्वराचा धोका असतो, म्हणून हे टाळू नये.

तांबडफुटी
घरच्या उपायांबद्दल नेमकं लिहिते. नाक धुण्याने सिस्ट जात नाही, स्प्रेनेही जात नाही. पण सिस्टवाल्या अनेकांना खरा त्रास अॅलर्जीचा किंवा सुजलेल्या अस्तराचा असतो, आणि तो या दोन्हींनी उतरतो.

पाणी : २५० मिली पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के. चमचे फसवे असतात, लिटरला ९ ग्रॅम वजन करून करा. मीठ आयोडीन नसलेलं असेल तर चुरचुरत नाही, चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर अजून सौम्य होतं. पाणी खळखळून किमान १ मिनिट उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्ड. उंच डोंगराळ भागात ३ मिनिटं उकळा. नळाचं पाणी थेट वापरू नका. त्यात नेग्लेरिया हा अमीबा असला, तर तो नाकावाटे मेंदूत शिरतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा जीव जातो. बेसिनवर वाका, तोंड उघडं ठेवा, हळू दाबा. कान गच्च झाले तर दाब जास्त होतोय. धुऊन झाल्यावर दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकंच शिंकरा. बाटली रोज धुऊन पूर्ण वाळवा.

स्टिरॉइड स्प्रे : मोमेटासोनसारखा असेल तर मोठ्यांना सहसा प्रत्येक नाकपुडीत ५० मायक्रोग्रॅमचे २ फवारे दिवसातून एकदा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. आधी नाक धुवा, मग दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, टोक कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर फवारा मारला तर खपली धरते, रक्त येतं. जोरात हुंगू नका, औषध घशात जातं. परिणामाला आठवडा-दोन आठवडे द्या. दोन दिवसांत सोडणारेच जास्त.

नाक पटकन उघडणारे ऑक्सिमेटाझोलीन-झायलोमेटाझोलीनचे थेंब मात्र सलग ३ ते ५ दिवसांपलीकडे नकोत. पुढे तेच थेंब नाक चोंदवायला लागतात.

वाटसरू
आणि अँटिबायोटिक?

तांबडफुटी
वाटसरू, साध्या सिस्टला अजिबात नाही. तिच्यात जंतूंचा संसर्गच नसतो.

टाका
ऑपरेशन ठरलंच तर काय होतं ते लिहितो. पूर्ण भूल, बाहेरून कुठेही काप नाही. दुर्बिणीने नाकाच्या मधल्या कोपऱ्यातून सायनसचं नैसर्गिक दार शोधून मोठं करतात आणि वाकड्या हत्यारांनी सिस्ट बुडख्यासकट काढतात. तळाची किंवा पुढच्या भिंतीची सिस्ट सरळ दुर्बिणीत दिसत नाही. त्यासाठी ४५ किंवा ७० अंशांची दुर्बीण लागते. तरीही हात पोचला नाही तर खालच्या कोपऱ्यातून वेगळी खिडकी करावी लागते.

बिघडतं कुठे? एक, नुसतं भोक पाडून पाणी ओढलं आणि बुडखा ठेवला, तर ती पुन्हा भरते. दोन, नैसर्गिक दार सोडून शेजारी दुसरंच भोक केलं, तर सूक्ष्म केस स्राव जुन्या दारानेच बाहेर नेतात आणि तो नव्या भोकातून परत आत येतो. हा फेरा चालू राहिला की ऑपरेशननंतरही घशात कफ उतरतच राहतो. तीन, दार मोठं करताना फार पुढे गेलं तर अश्रूंच्या नळीला इजा होऊन डोळा वाहतो. चार, सगळं अस्तर खरवडून काढणं. ते पूर्वीसारखं परत येत नाही, म्हणून फक्त सिस्ट काढायची, बाकी अस्तराला हात लावायचा नाही. डोळ्याला किंवा मेंदूच्या तळाला इजा दुर्मिळ आहे, पण संमतिपत्रावर ती असते आणि ते वाचूनच सही करावी.

नंतर निदान आठवडाभर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. वाकून जड उचलायचं नाही. रक्तमिश्रित पाणी काही दिवस येतं, ते चालतं. सलग ताजं रक्त, नजरेत फरक, डोळ्याभोवती वाढती सूज किंवा स्वच्छ पाणी गळणं हे चालत नाही, त्याच दिवशी दाखवा. धुणं सर्जन सांगतील त्या दिवसापासून नेमाने करा. ऑपरेशनआधी पाणी गालाच्या सायनसमध्ये फारसं शिरत नाही, दार सुमारे ४ मिमी उघडल्यावरच शिरतं. धुण्याचा खरा उपयोग ऑपरेशननंतर जास्त, आणि लोक नेमका तेव्हाच कंटाळा करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, त्या सुरू करणाऱ्या डॉक्टरला विचारूनच.

वेखंड
ओठाखालून हाड फोडून करायचे ते जुनं ऑपरेशन अजून करतात का?

टाका
कॉल्डवेल-ल्यूक म्हणताय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं तंत्र. साध्या सिस्टसाठी त्याची गरज उरलेली नाही. गाल आणि वरचे दात बधिर होतात. आणखी एक, अस्तर खरवडल्यावर हाडात अडकलेल्या तुकड्यातून दहा-वीस वर्षांनी नवी सिस्ट तयार होते, आणि ती हाड फुगवत वाढते. म्हणून गाल सुजलेल्या वयस्क पेशंटला 'तरुणपणी सायनसचं ऑपरेशन झालं होतं का' हे विचारायलाच हवं.

अर्धविराम
सर्वांचे आभार. मूळ प्रश्नातला एक भाग राहिला : ज्यांना 'सोडून द्या' म्हणायचं नाही, ते कसे ओळखायचे?

मध्यरेषा
एक डोळा पुढे किंवा खाली-बाहेर सरकलेला. एकाच्या दोन वस्तू दिसणं. कपाळावर किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर हळूहळू वाढणारा टणक फुगवटा. हे म्युकोसील. त्यात पू झाला तर ताप आणि लाली येते आणि काही तासांत चित्र पालटतं. गाल बधिर होणं, वरचे दात हलू लागणं, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त, हे ट्यूमरसाठी तपासायचं, आणि त्यात तुकडा तपासायला घ्यावाच लागतो. स्फेनॉइड हा सर्वांत मागचा सायनस. त्याच्या भिंतीला लागूनच डोळ्याची नस जाते. तिथली म्युकोसील डोळ्यामागे दुखते, नजर अंधुक करते, आणि दाब वेळेत काढला नाही तर गेलेली नजर परत येत नाही. रिपोर्टात 'स्फेनॉइड' आणि तक्रारीत 'नजर' हे दोन शब्द एकत्र आले तर पुढच्या आठवड्याची वेळ घेऊ नका, त्याच दिवशी जा. लहान मुलात म्युकोसील किंवा दोन्हीकडे पॉलिप दिसले तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी घामाची तपासणी करून घ्यावी.

शेवंती
आणि साधी असेल तर दर सहा महिन्यांनी स्कॅन?

क्ष_रेषा
नको. सगळ्या खुणा साध्या सिस्टच्या असतील आणि तक्रार नसेल, तर पुन्हा स्कॅनची गरज नाही, विनाकारण किरणं कशाला घ्यायची? खुणा अर्धवट जुळत असतील तर एकदा सहा महिने ते वर्षाने पाहावं किंवा एमआरआय करावा. तक्रार बदलली तर मात्र तारखेची वाट पाहू नये. जुन्या स्कॅनची सीडी जपून ठेवा, नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. पाच वर्षांपूर्वीचा आकार शेजारी ठेवून बघता आला, तर नव्या स्कॅनचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.